दृष्टीची पाटी पुसणारे विकर

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या परीक्षेसाठी आपणांपैकी बहुतेकांनी वाल्ड यांचे दृष्टिचक्र पाठ केले असेल. प्रकाश पडला की दृष्टिपटलातील जांभळट रंगद्रव्य फिके पडते, जीवनसत्त्व ‘अ’च्या साहाय्याने ते पुन्हा घडते आणि चक्र पूर्ण होते. जॉर्ज वाल्ड यांना या संशोधनाबद्दल १९६७ साली ग्रानिट व हार्टलाइन यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. हे चक्र आजही तितकेच खरे आहे. परंतु ते अर्धे आहे. एकदा उजेड पाहिलेल्या रंगद्रव्याच्या रेणूला पूर्वस्थितीवर येण्यासाठी जीवनसत्त्वापासून बनलेला नवा अंश तर हवाच, पण त्याच्या अंगावर उमटलेल्या काही रासायनिक खुणा पुसल्या जाणेही आवश्यक असते. या खुणा पुसण्याचे काम प्रोटीन फॉस्फेटेज नावाची विकरे करतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा उल्लेख एखाद्या ओळीत आटोपला जाई, कारण हे काम नेमके कोणते विकर करते हे कालपरवापर्यंत निश्चित झालेले नव्हते. मंडळाची स्मरणिका डॉक्टरांइतकीच त्यांच्या घरची माणसेही वाचतात. म्हणून विषय थोडा मुळापासून मांडतो. नेत्रतज्ज्ञ सहकाऱ्यांनी सुरुवातीची पाने उलटून पुढे गेल्यास हरकत नाही.

दृष्टिपटलात प्रकाशग्राही पेशी दोन प्रकारच्या असतात. अंधुक उजेडात काम करणाऱ्या शलाकापेशी म्हणजे रॉड, आणि भर उजेडात रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी म्हणजे कोन. माणसाच्या एका डोळ्यात शलाकापेशी ९ कोटींच्या आसपास, तर शंकुपेशी ४५ लाखांच्या आसपास असतात. शलाकापेशीच्या बाहेरच्या टोकात पातळ चकत्यांची उतरंड रचलेली असते आणि त्या चकत्यांच्या आवरणात ऱ्होडॉप्सिन या रंगद्रव्याचे कोट्यवधी रेणू बसवलेले असतात. ऱ्होडॉप्सिन म्हणजे ऑप्सिन हे प्रथिन आणि त्याच्या पोटात बसलेला रेटिनाल हा जीवनसत्त्व ‘अ’पासून बनलेला वाकडा रेणू. प्रकाशाचा एक कण, म्हणजे एक फोटॉन, आदळला की तो वाकडा रेणू सरळ होतो, त्याच्या धक्क्याने ऑप्सिनचा आकार बदलतो आणि पेशीत संदेश सुरू होतो.

हे रंगद्रव्य उजेडात फिके पडते ही गोष्ट फ्रान्झ बोल यांनी १८७६ साली रोम येथे बेडकाच्या डोळ्यात पाहिली. लगेच हायडेलबर्गचे विल्हेल्म क्यूने यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला. याच क्यूने यांनी त्याच सुमारास ‘एन्झाइम’ हा शब्दही घडवला. दृष्टीचे रंगद्रव्य आणि विकर या दोन्ही विषयांवर एकाच माणसाची मुद्रा आहे. मात्र रंगद्रव्याची पाटी कोरी करणारे विकर ओळखण्यास पुढे शतकाहून अधिक काळ जावा लागला.

शलाकापेशी किती संवेदनशील असते? हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ साली दाखवून दिले की, अंधारास सरावलेल्या माणसाला उजेडाची जाणीव होण्यास दृष्टिपटलात जेमतेम ५ ते १४ फोटॉन शोषले जाणे पुरते. ते इतक्या पेशींवर विखुरलेले असतात की एका शलाकापेशीला एकच फोटॉन जागे करतो, हे त्यावरून ओघानेच येते. पुढे १९७९ साली बेलर, लॅम्ब आणि यौ यांनी भेकाच्या एकट्या शलाकापेशीचा विद्युत्प्रवाह मोजून ते प्रत्यक्ष सिद्ध केले. एका रेणूच्या जागे होण्याने सबंध पेशीत बदल घडतो, कारण जागृत ऱ्होडॉप्सिन ट्रान्सड्युसिन या प्रथिनाच्या एकामागून एक अनेक रेणूंना चेतवते, त्यातील प्रत्येक रेणू पुढच्या विकराला कामास लावतो आणि शेवटी पेशीच्या आवरणातील आयनांची दारे मिटतात.

आता यातील अडचण पाहा. इतक्या हलक्या स्पर्शाने वाजणारी घंटा तितक्याच तत्परतेने थांबविता आली नाही, तर दुसरा टोला ऐकू येणार नाही. उंदराच्या शलाकापेशीत एक ऱ्होडॉप्सिन रेणू प्रभावीपणे जागा राहतो तो सरासरी ४० मिलिसेकंद. एवढ्या अवधीत त्याला झोपवण्याची व्यवस्था पेशीपाशी हवी.

ती व्यवस्था दोन टप्प्यांची आहे. १९७२ साली हेर्मान क्यून आणि विल्यम ड्रायर यांनी, तसेच बाउंड्स यांच्या गटाने स्वतंत्रपणे, असे दाखविले की प्रकाश पडल्यावर ऱ्होडॉप्सिनला फॉस्फेटचे गट जोडले जातात. (हे क्यून आणि मघाचे क्यूने वेगळे, मराठीत नावे जवळजवळ सारखी दिसतात म्हणून सांगितले.) हे गट जोडणाऱ्या विकरास ऱ्होडॉप्सिन कायनेज म्हणतात. ऑप्सिनच्या शेपटाकडे सेरिन व थ्रिओनिन या अमिनो आम्लांच्या काही जागा असतात, उंदरात अशा सहा. त्यांवर ही मोहोर उमटते. पुढे १९८४ ते १९८६ या काळात क्यून व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून दुसरा टप्पा उलगडला. फॉस्फेट लागलेल्या जागृत ऱ्होडॉप्सिनवर अरेस्टिन नावाचे प्रथिन येऊन घट्ट बसते आणि ट्रान्सड्युसिनची वाट पूर्णपणे अडवते. घट्ट बसण्यासाठी त्याला साधारण तीन फॉस्फेट तरी लागतात. थोडक्यात, कायनेज दारावर खूण करते आणि अरेस्टिन ती खूण ओळखून दाराला कुलूप घालते.

येथपर्यंतची कथा पुस्तकांत आहे. पण कुलूप घातलेले दार पुन्हा उघडण्याजोगे कसे होते? पोटातील सरळ झालेला रेटिनाल सुटून बाहेर पडतो, अरेस्टिन निघून जाते, नवा वाकडा रेटिनाल दृष्टिपटलामागच्या रंजित थरातून येऊन बसतो. हे सर्व झाले तरी शेपटावरचे फॉस्फेट आपोआप झडत नाहीत. अशा खुणांकित रेणूवर पुढचा फोटॉन पडला तर अरेस्टिनला त्याला गाठायला वेळ लागत नाही. रेणू पुरता जागा होण्याआधीच पुन्हा निजतो. पेशी अंधारात असूनही तिची संवेदना मंद राहते.

फॉस्फेट काढून टाकणारी विकरे म्हणजे फॉस्फेटेज. प्रथिनांना फॉस्फेट लावणे आणि काढणे ही उलटसुलट चालणारी किल्ली आहे, हे एडविन क्रेब्स व एडमंड फिशर यांनी १९५० च्या दशकात स्नायूतील विकरांवर दाखविले व त्यांना १९९२ साली नोबेल मिळाले. परंतु शास्त्रज्ञांचे लक्ष बराच काळ लावणाऱ्यांकडे, म्हणजे कायनेजांकडे राहिले. मानवी जनुकसंचात पाचशेहून अधिक कायनेजे आहेत. सेरिन-थ्रिओनिनवरील फॉस्फेट काढणाऱ्या फॉस्फेटेजांचे उत्प्रेरक घटक मात्र काही डझनांतच संपतात. म्हणून ही विकरे म्हणजे नुसते झाडूवाले, कुठलीही निवड न करणारे, अशी समजूत पसरली होती. ती चुकीची ठरली. उत्प्रेरक घटक थोडे असले तरी ते निरनिराळ्या नियामक प्रथिनांशी जोडी जमवतात आणि जोडीप्रमाणे त्यांचे लक्ष्य ठरते. या विकरांशी आपला व्यवहारात परिचय आहेच. सायक्लोस्पोरिन आणि टॅक्रोलिमस ही औषधे ज्या कॅल्सिन्यूरिनला रोखतात, ते एक प्रोटीन फॉस्फेटेजच आहे. मूत्रपिंड-रोपणाच्या रुग्णाला किंवा कोरड्या डोळ्यांसाठी थेंब लिहून देताना आपण फॉस्फेटेजरोधकच लिहीत असतो.

दृष्टिपटलातील फॉस्फेटेजच्या शोधाला पहिली मोठी कलाटणी माणसाच्या नव्हे, माशीच्या डोळ्याने दिली. फळमाशीत एक जनुक बिघडले की तिचे डोळे उजेडात हळूहळू नष्ट होतात. अंधारात वाढवल्यास टिकतात. या जनुकाला आरडीजीसी असे नाव आहे. स्टील, ओटूसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी दाखविले की हे जनुक एका प्रोटीन फॉस्फेटेजचा नकाशा असून त्या विकराला कॅल्शियम धरणाऱ्या कड्याही आहेत. ते विकर नसलेल्या माशीत ऱ्होडॉप्सिनवर फॉस्फेट साचत जातात. १९९७ साली विन्योस व सहकाऱ्यांनी त्या माशीच्या ऱ्होडॉप्सिनचे शेपूटच कापून टाकले. खुणा उमटायलाच जागा उरली नाही, आणि डोळे वाचले. २००० साली आणखी पुढची पायरी कळली. खुणा न पुसल्यामुळे ऱ्होडॉप्सिन आणि अरेस्टिन यांची जोडी सुटत नाही, ती पेशीच्या आत ओढली जाते आणि पेशी मरणाला प्रवृत्त होते. पाटी पुसली नाही तर अक्षरे गिचमिड होतील एवढेच आपण समजत होतो. येथे तर पाटीच फुटते.

साहजिकच सर्वांना वाटले की मनुष्यातही हेच असणार. माशीच्या विकराची भावंडे सस्तन प्राण्यांत सापडली. पीपीईएफ-१ आणि पीपीईएफ-२ अशी त्यांची नावे, आणि त्यांतील दुसरे तर खास प्रकाशग्राही पेशींतच आढळते. रातांधळेपणाच्या आनुवंशिक रोगांचे आणखी एक कारण हाती येणार, अशी अपेक्षा निर्माण झाली. २००१ साली रामुलू, नेथन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही दोन्ही जनुके नसलेले उंदीर तयार केले. निकाल? दृष्टिपटल शाबूत, प्रकाशाला प्रतिसाद नेहमीसारखा, आणि ऱ्होडॉप्सिनवरचे फॉस्फेटही नेहमीच्याच वेगाने निघत होते. अशा ‘काहीच घडले नाही’ प्रकारच्या निष्कर्षांना परिषदांतून टाळ्या मिळत नाहीत. माझ्या मते मात्र या क्षेत्रातील सर्वांत उपयुक्त प्रयोगांत त्याची गणना व्हावी, कारण एका मोहक पण खोट्या वाटेवर अनेकांची उमेदीची वर्षे जाणे त्याने टाळले.

माशी आणि उंदीर यांत हा फरक का असावा? याचे एक सयुक्तिक कारण कॅल्शियममध्ये दिसते. माशीच्या प्रकाशग्राही पेशीत उजेड पडताच कॅल्शियम आत घुसते. आपल्या शलाकापेशीत मात्र उजेड पडला की आयनांची दारे मिटतात आणि कॅल्शियम घटते. कॅल्शियमने चेतवले जाणारे विकर माशीला उजेडात हाताशी मिळते, आपल्याला ते नेमके नको त्या वेळी मिळाले असते. शिवाय माशीचे रंगद्रव्य आपला रेटिनाल सोडतच नाही, दुसऱ्या रंगाच्या प्रकाशाने ते जागच्या जागी पूर्ववत होते. आपल्या डोळ्यात घटलेल्या कॅल्शियमचा उपयोग वेगळ्याच कामी होतो. रिकव्हरिन हे प्रथिन कॅल्शियम असताना ऱ्होडॉप्सिन कायनेजला धरून ठेवते, कॅल्शियम घटले की सोडून देते. म्हणजे उजेडात खुणा करण्याचा वेग वाढतो.

मग आपल्या डोळ्यात पाटी कोण पुसते? याचे उत्तर वास्तविक १९८९ सालीच कागदावर आलेले होते. गाईच्या शलाकापेशींवर काम करताना क्रिस्टोफ पाल्चेव्स्की व त्यांचे सहकारी, आणि स्वतंत्रपणे फाउल्स, अख्तर व कोहेन, अशा दोन गटांना प्रोटीन फॉस्फेटेज-२ए हे विकर ऑप्सिनवरचे फॉस्फेट काढते असे आढळले. त्याच वर्षी पाल्चेव्स्की यांच्या गटाने हेही दाखविले की अरेस्टिन बसलेले असेपर्यंत या विकराला फॉस्फेटपर्यंत पोहोचता येत नाही. आधी कुलूप निघावे लागते, मग खूण पुसता येते. हा क्रम महत्त्वाचा. फॉस्फेटेज-२ए हे विकर शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. त्याचे तीन घटक असतात. एक आधार देणारा, एक प्रत्यक्ष काम करणारा आणि एक लक्ष्य ठरवणारा. ओकाडेइक आम्ल त्याला अत्यल्प मात्रेत बंद पाडते. शिंपल्यांतून होणाऱ्या एका प्रकारच्या जुलाबाच्या विषबाधेमागे हेच आम्ल असते, हे किनारपट्टीवरच्या सहकाऱ्यांना ठाऊक असेल.

परंतु परीक्षानळीत एखादे विकर एखादे काम करू शकते म्हणून जिवंत डोळ्यात तेच करते, असे सिद्ध होत नाही. सिद्ध करायचे तर ते काढून टाकून पाहावे लागते, आणि नेमके तेच अशक्य होते. या विकराचा मुख्य उत्प्रेरक घटक संपूर्ण शरीरातून काढला की उंदराचा गर्भच जगत नाही, हे १९९८ साली दिसून आले होते. केवळ प्रकाशग्राही पेशींतून तो वगळण्याचे तंत्र वापरून केफालोव्ह, पाल्चेव्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली हा प्रश्न निकाली काढला. अशा उंदरांत ऱ्होडॉप्सिनवरचे फॉस्फेट निघण्याचा वेग बराच मंदावला. त्यापाठोपाठ रंगद्रव्य पुन्हा घडण्याचा वेग मंदावला आणि प्रखर उजेडानंतर अंधाराला सरावण्यास डोळ्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला. शलाकापेशी व शंकुपेशी, दोन्हींत हेच दिसले. १९८९ ते २०१७ ही मधली २८ वर्षे एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नासाठी गेली.

या निष्कर्षातील मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग रंगद्रव्याच्या पुनर्घडणीचा आहे. फॉस्फेटेज फक्त शेवटचा हात फिरवते असे मानले जाई. प्रत्यक्षात ते अडले की रेटिनालचे चक्रही रेंगाळते. वाल्ड यांचे चक्र आणि फॉस्फेटचे चक्र ही दोन चाके वेगवेगळी फिरत नसून त्यांचे दाते एकमेकांत गुंतलेले आहेत.

रुग्णाच्या भाषेत याचा अर्थ काय? भर उन्हातून अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर प्रथम शंकुपेशी सावरतात. साधारण १० मिनिटांत त्यांची मर्यादा येते. त्यानंतर शलाकापेशी सूत्रे घेतात आणि पूर्ण संवेदना परत येण्यास ३० ते ४० मिनिटे लागतात. चित्रपटगृहात उशिरा शिरलेला प्रेक्षक लोकांच्या पायांवर पाय देत जातो आणि मध्यंतरापूर्वी बाहेर पडताना मात्र सफाईने जातो, त्यामागे ही सगळी विकरे राबलेली असतात.

या यंत्रणेचा पहिला अर्धा भाग जन्मतः बिघडला तर काय होते, हे एका दुर्मीळ आजारात स्वच्छ दिसते. जपानचे चूता ओगुची यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. अशा व्यक्तीची दिवसाची दृष्टी उत्तम असते, रात्रीची जन्मापासून मंद. नेत्रतळ पाहिला तर त्यावर सोनेरी-करड्या धातूसारखी झाक दिसते. १९१३ साली मिझुओ यांनी एक आश्चर्य नोंदवले. रुग्णाला दोन-तीन तास अंधारात ठेवले की ही झाक नाहीशी होते आणि उजेडात पुन्हा येते. अंधारात पुरेसा वेळ गेल्यावर दृष्टीही बरीच सुधारते. कारण कळण्यास १९९० चे दशक उजाडावे लागले. काहींत अरेस्टिनचे जनुक सदोष असते (१९९५), काहींत ऱ्होडॉप्सिन कायनेजचे (१९९७). घंटा थांबवणारा हातच नाही, त्यामुळे थोड्या उजेडानेही ती वाजत राहते आणि पेशीला बाहेर अजून दिवसच आहे असे भासते. १९९८ साली दोन भारतीय भावंडांतही अरेस्टिनच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याचे प्रसिद्ध झाले. ज्या समाजांत नात्यात विवाह होतात तेथे हा आजार मनात असू द्यावा. अरेस्टिनच्या दोषाने काहींत पुढे दृष्टिपटलाचा ऱ्हासही होतो, म्हणून ‘हा स्थिर आजार आहे, वाढत नाही’ असे सांगून रुग्णाला मोकळे करू नये, वर्षानुवर्षे पाहत राहावे.

दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी, म्हणजे फॉस्फेटेजविषयी, दक्षता वेगळ्या कारणाने हवी. फॉस्फेटेज-२ए रोखणारी औषधे अर्बुदांच्या उपचारांसाठी तपासली जात आहेत. एलबी-१०० या रेणूच्या माणसांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ सालीच प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी ज्या वर्षी उंदरांचा उपरोक्त प्रयोग प्रसिद्ध झाला. सर्व शरीरभर असलेले विकर रोखताना दृष्टिपटलाचा विचार व्हायला हवा. अशा चाचण्यांतून दृष्टीची तीव्रता मोजली जाते, तिला धक्का बसणार नाही आणि अहवाल ‘६/६’ येईल. बिघाड असेलच तर तो अंधाराला सरावण्याच्या अवधीत दिसेल, आणि तो मुद्दाम मोजल्याखेरीज दिसणार नाही. चाचण्या आखणाऱ्यांनी अंधार-अनुकूलनाची तपासणी त्यांत घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दवाखान्यात मात्र कोणी ‘अंधारात गेले की बराच वेळ काही दिसत नाही’ असे म्हणाले, तर फॉस्फेटेजवर संशय घेण्याचे कारण नाही; नेहमीची कारणे पुष्कळ आहेत. जीवनसत्त्व ‘अ’ची उणीव हे त्यांतील पहिले. मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर त्याच्या मात्रा देण्याचा कार्यक्रम १९७० सालापासून आहे, पण आता ही उणीव यकृताच्या वा स्वादुपिंडाच्या रोग्यांत आणि स्थूलतेवरील शस्त्रक्रिया झालेल्यांतही दिसते. पन्नाशीनंतर अंधार-अनुकूलन लांबणे हे वार्धक्यजन्य पीतबिंदू-ऱ्हासाचे आरंभीचे लक्षण असू शकते, नेत्रतळ जवळजवळ नेहमीसारखा दिसत असतानाही. आणि तरुण रुग्णाला मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू आहे का, हे अवश्य विचारावे. ते रेटिनालच्या पुनर्निर्मितीची वाट अडवते, रात्री दुचाकी चालवणाऱ्या मुलाला त्याचा त्रास होतो, आणि तो ते औषध त्वचेचे म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांना आपणहून सांगत नाही. ‘चष्म्याचा नंबर बरोबर आहे, डोळे ठीक आहेत’ असे म्हणण्यापूर्वी दिवे मालवून दहा-पंधरा मिनिटे रुग्णाबरोबर बसावे, आणि त्याला काय दिसू लागते व केव्हा, हे घड्याळ लावून विचारावे. एवढ्यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.